पक्षिचित्रण, हिमदृश्यातील

बर्फाच्छादित निसर्गाच्या पार्श्वभूमीवर पक्ष्याचे यथातथ्य रूप रंगविण्याची कला. पक्षिचित्रण आणि निसर्गचित्रण या दोन स्वतंत्र शाखा या चित्रप्रकारात एकत्र येतात. पक्ष्याची जात, वय, लिंग व ऋतुमानानुसार बदलणारा पिसारा अचूक ओळखता यावा, ही पहिल्या शाखेची अपेक्षा असते. तर स्थळ, हवा व दिवसाची वेळ यांचा प्रत्यय यावा, ही दुसऱ्या शाखेची. दोन्ही अपेक्षा स्वतंत्रपणे पूर्ण झाल्या, तरी पुष्कळदा चित्र साधत नाही. पक्षी दुसरीकडून कापून आणून बर्फावर चिकटविल्यासारखा दिसतो. याचे कारण असे की, बर्फ ही केवळ पार्श्वभूमी नसून तो प्रकाशाचा एक दुय्यम उगम असतो आणि पक्ष्याच्या प्रत्येक पिसाच्या रंगावर त्याचा परिणाम होत असतो. पक्षी आणि हिम एकाच प्रकाशात पाहावयास शिकणे, हेच या कलेच्या अभ्यासाचे मुख्य सूत्र होय.

हिवाळ्यातील पक्षी हा विषय चित्रकारांना आकर्षक वाटण्याची कारणे स्पष्ट आहेत. पानगळ झाल्यामुळे एरव्ही पर्णराजीत दडणारे पक्षी उघडे दिसतात. भूमीचे इतर सर्व तपशील बर्फाखाली झाकले गेल्याने लहानशी रंगीत आकृतीही लक्ष वेधून घेते. शिवाय कडाक्याच्या थंडीत इवल्याशा जीवाने तग धरून राहणे या घटनेतच एक नाट्य असते. चिकॅडीसारखा जेमतेम १०–१२ ग्रॅ. वजनाचा पक्षी दिवसाच्या थोड्या उजेडात मिळेल ते अन्न खाऊन रात्रीपुरती चरबी साठवितो व त्या बळावर हिमरात्र काढतो. चित्रातून हे नाट्य व्यक्त झाले नाही, तर उरते ती केवळ शोभेची वस्तू.

ऐतिहासिक आढावा : हिमदृश्यातील पक्ष्यांच्या चित्रणाची सर्वांत जुनी समृद्ध परंपरा चीनमध्ये आढळते. सुंग काळात ‘पुष्प-पक्षी’ हा चित्रकलेचा स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता पावला होता. अकराव्या शतकातील त्स्वे बाय या चित्रकाराने निष्पर्ण फांदीवरील चिमण्यांचे हिवाळी चित्र रंगविले असून ते बीजिंग येथे आहे. १०६१ मध्ये त्याने रंगविलेले दोन मॅगपाय पक्षी व ससा यांचे चित्र तैपेई येथील राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. त्यात वाऱ्याने वाकलेले गवत व झाडे आणि पक्ष्यांची ठेवण यांची दिशा एकमेकींशी जुळलेली आहे. सम्राट ह्वेत्सुंग (१०८२–११३५) हा स्वतः पक्षिचित्रकार होता व दरबारी चित्रकारांनी निसर्गाचे बारकाईने निरीक्षण करावे, असा त्याचा कटाक्ष असे.

जपानमध्ये इतो जाकुचू (१७१६–१८००) याने प्राणी, पक्षी व वनस्पती यांच्या तीस चित्रपटांच्या मालिकेत हिमातील मँडरिन बदके व सोनेरी फेझंट यांचा समावेश केला. मारुयामा ओक्यो (१७३३–९५) याने हिमाच्छादित पाइन वृक्षांच्या आपल्या प्रसिद्ध पडद्यांवर बर्फासाठी पांढरा रंग न वापरता कोरा कागदच राखून ठेवला. या चित्रांत पक्षी नाहीत. तथापि हिम ‘रंगवायचे’ नसून ‘सोडायचे’ असते, हा त्यांतील धडा पुढे जलरंगात काम करणाऱ्या प्रत्येक पक्षिचित्रकाराच्या उपयोगी पडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओहारा कोसोन (१८७७–१९४५) याने काष्ठठशांच्या माध्यमातून बर्फातील बगळ्यांची चित्रे मोठ्या संख्येने लोकांपर्यंत पोहोचविली.

यूरोपात थोरला पीटर ब्रगेल याच्या १५६५ मधील हिमदृश्यांत पक्ष्यांना लक्षणीय स्थान आहे. व्हिएन्ना येथील शिकाऱ्यांच्या चित्रात निष्पर्ण फांद्यांवर बसलेल्या व गोठलेल्या दरीवर झेपावणाऱ्या काळ्या पक्ष्यांमुळे अवकाशाची खोली जाणवते. मात्र हे पक्षी दृश्याचे घटक आहेत, त्याचा विषय नव्हेत. क्लोद मोने याने १८६८–६९ च्या हिवाळ्यात फ्रान्समधील एत्रता परिसरात रंगविलेले मॅगपायचे चित्र या बाबतीत महत्त्वाचे ठरते. काटक्यांच्या फाटकावर बसलेला एकच लहानसा काळा-पांढरा पक्षी, कुंपणाच्या बर्फावर पडलेल्या निळसर सावल्या आणि मागील सूर्यप्रकाश एवढाच त्याचा ऐवज. १८६९ च्या पॅरिस सलाँमध्ये ते नाकारले गेले. बर्फावरील सावली निळी असते, हे तत्कालीन परीक्षकांच्या डोळ्यांना रुचणे अवघड होते. आज हे चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात असून दृक्‌प्रत्ययवादाच्या पूर्वरंगातील एक श्रेष्ठ कृती म्हणून ते ओळखले जाते.

शास्त्रीय पक्षिचित्रणाची परंपरा याहून वेगळी होती. अमेरिकेत जॉन जेम्स ऑडुबॉन (१७८५–१८५१) याने नुकत्याच मारलेल्या पक्ष्यांना तारांच्या साहाय्याने जिवंत वाटेल अशा अवस्थेत बसवून, पाठीमागे चौकटी आखलेला फलक ठेवून त्यांची पूर्णाकृती चित्रे काढली. १८२७–३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ४३५ चित्रे आहेत. या पद्धतीमुळे मापे अचूक आली. पण काही पक्ष्यांच्या अवयवांना अनैसर्गिक मुरड पडली, असा आक्षेपही घेतला गेला.

शास्त्रीय अचूकता व निसर्गदृश्य यांचा खराखुरा मेळ घालण्याचे श्रेय मुख्यत्वे स्वीडिश चित्रकार ब्रूनो लिल्येफोर्स (१८६०–१९३९) याला दिले जाते. अप्साला येथे जन्मलेला हा चित्रकार शिकारीही होता. १८८४ मधील त्याच्या एका गाजलेल्या चित्रात बर्फातील झुडपांतून काळ्या ग्राऊज पक्ष्यांवर झडप घालणारा बाज दाखविला आहे. हे चित्र उघड्यावर, प्रत्यक्ष हिमात रंगविले गेले. बाज व ग्राऊज मृत होते. झुडपे वाकवून त्यांत ते अशा रीतीने बसवावे लागले, की गतीचा भास व्हावा. वस्तुतः ते सारे एक स्थिरवस्तुचित्रच होते, अशी कबुली त्याने स्वतः दिली आहे. पुढील आयुष्यात त्याने अनेक वन्य प्राणी बाळगून त्यांच्या हालचालींचा अभ्यास केला आणि मांडून ठेवलेल्या नमुन्यापासून जिवंत प्राण्याकडे आपली दृष्टी वळविली. या चित्रप्रकाराच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कमीअधिक प्रमाणात हाच प्रवास करावा लागतो.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आर्चिबल्ड थॉर्बर्न (१८६०–१९३५) याने डोंगराळ प्रदेशातील हिवाळी पिसाऱ्यातील टार्मिगन पक्ष्यांची जलरंगातील अनेक चित्रे केली. त्यांत पांढऱ्या हिमावर पांढरा पक्षी दाखविण्याचा कूटप्रश्न केवळ सावल्यांच्या सूक्ष्म छटांनी सोडविलेला दिसतो. जखमी सशाचा आक्रोश ऐकल्यावर त्याने शिकार सोडून दिली, असे सांगतात. अमेरिकन चित्रकार लूइस ॲगसिझ फ्युर्टेस (१८७४–१९२७) याने पक्ष्याच्या मृत्यूनंतर झपाट्याने उडून जाणाऱ्या डोळे, चोच व पाय यांच्या रंगांची तत्काळ नोंद करण्याची शिस्त घालून दिली. त्याचा मार्गदर्शक ॲबट थेअर (१८४९–१९२१) याने मायावरणाचा सिद्धांत मांडताना बर्फातील ब्लू जे पक्ष्यांचे चित्र उदाहरण म्हणून वापरले. या पक्ष्याची निळी-पांढरी पिसे हिमावरील निळ्या सावल्यांशी एकरूप होतात, असे त्याचे प्रतिपादन होते. १९०९ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या सिद्धांतातील अतिव्याप्तीवर थीओडोर रूझवेल्ट यांनी कडक टीका केली. तथापि प्राण्याचे पोट फिकट व पाठ गडद असल्याने सावलीचा परिणाम पुसला जातो, हे थेअरचे मूळ निरीक्षण चित्रकारांना आजही मार्गदर्शक ठरते.

क्षेत्रनिरीक्षण : अभ्यासाची सुरुवात रंगांनी न करता पेन्सिलीने करणे इष्ट असते. पक्षी क्वचितच काही क्षणांहून अधिक काळ स्थिर राहतो. म्हणून प्रथम धड व डोके यांचे दोन अंडाकार, पाठीच्या कण्याची दिशा आणि शेपटीचा कोन एवढेच टिपण्याची सवय लावतात. पक्षी उडून गेल्यास रेखाटन अपुरे सोडून त्याच कागदावर दुसरे सुरू करतात. तोच किंवा दुसरा पक्षी पुन्हा त्या अवस्थेत आला, की पहिल्यात भर घालतात. अशा अर्धवट रेखाटनांनी भरलेले पान एका पूर्ण चित्रापेक्षा अधिक शिकविते. तिकाटण्यावर बसविलेली दुर्बीण वापरल्यास हात मोकळे राहतात. रेखाटनाशेजारी वेळ, आकाशाची स्थिती, प्रकाशाची दिशा व सावलीचा रंग यांची शब्दांत नोंद करणे अगत्याचे असते, कारण स्मृती रंगाच्या बाबतीत फार लवकर दगा देते.

शरीररचनेचा अभ्यास : पिसारा हा पक्ष्याच्या अंगावरील सैल पेहराव असून त्याखालील सांगाडा समजल्याशिवाय आकृतीत तोल येत नाही. पक्ष्याच्या पायाचा मागे वाकलेला दिसणारा सांधा हा गुडघा नसून घोटा होय. खरा गुडघा पोटाच्या पिसांत झाकलेला असतो. हे न उमगल्यास पाय धडाला चुकीच्या जागी जोडले जातात. फांदीवर बसणाऱ्या बहुतेक पक्ष्यांची तीन बोटे पुढे व एक मागे असते. शरीराच्या गुरुत्वमध्यातून काढलेली लंबरेषा पायांच्या पकडीवर आली पाहिजे. अन्यथा पक्षी पडणार असा भास होतो.

पिसे अंगभर सारखी उगवत नसून ठराविक पट्ट्यांत उगवतात आणि एकमेकांवर कौलांप्रमाणे रचलेली असतात. माथा, गाल, गळा, खांदा, पंखावरील आच्छादक पिसांच्या ओळी, उड्डाणपिसे व पुच्छपिसे हे गट प्रथम ओळखावे लागतात. गायक पक्ष्यांत पंखाच्या टोकाकडील प्राथमिक उड्डाणपिसे सामान्यतः ९ किंवा १० आणि पुच्छपिसे बहुधा १२ असतात. मिटलेल्या पंखात ही सर्व पिसे दिसत नाहीत. परंतु दिसणाऱ्या कडांचा क्रम चुकला, तर जाणत्याला तो लगेच खटकतो. यासाठी संग्रहालयांतील जतन केलेल्या नमुन्यांचा उपयोग होतो. चर्मपूरण केलेल्या नमुन्यावरून मापे व पिसांचे आकृतिबंध घ्यावेत; पण ठेवण, डोळा आणि पायांचा व चोचीचा रंग घेऊ नये, असा संकेत आहे.

हिवाळी ठेवण : थंडीत पक्षी पिसे फुलवून त्यांत हवेचा उष्णतारोधक थर कोंडून धरतो. त्यामुळे तोच पक्षी उन्हाळ्यातल्यापेक्षा बराच गोल दिसतो, मान नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि पुष्कळदा एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला असतो. वारा असल्यास पक्षी सहसा त्याच्याकडे तोंड करून बसतो. पाठमोरे बसल्यास वारा पिसांखाली शिरतो. उन्हाळ्यातील नमुना बर्फात बसविल्याचा दोष अनेक चित्रांत याच अज्ञानामुळे येतो. टार्मिगनसारख्या जातींत हिवाळ्यात पिसाऱ्याचा रंगही बदलतो. त्यांचे शरीर शुभ्र होते, पण शेपटीतील काळी पिसे तशीच राहतात. त्यामुळे पिसाऱ्याचा ऋतू आणि दृश्याचा ऋतू जुळतात की नाही, हे तपासणे आवश्यक असते.

हिमप्रकाशाचे स्वरूप : ताजे हिम त्याच्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशाचा फार मोठा भाग, सुमारे ८० ते ९० टक्के, परावर्तित करते. निरभ्र दिवशी उन्हातील हिमाला सूर्याची पिवळसर झाक येते. सावलीतील हिमाला मात्र प्रकाश मिळतो तो निळ्या आकाशाकडून, म्हणून ती सावली निळी दिसते. सूर्य क्षितिजालगत असताना उन्हातील भाग नारिंगी-गुलाबी व सावल्या जांभळट होतात. हिवाळ्यात सूर्य दिवसभर खालीच राहत असल्याने सावल्या लांब पडतात आणि भूमीचे चढउतार दाखवितात. ढगाळ दिवशी सावल्या जवळजवळ नाहीशा होतात व हिम करड्या छटांचे बनते. अशा वेळी क्षितिजाजवळचे शिसवी आकाश हिमापेक्षा गडद भासते. त्यामुळे सामान्य निसर्गचित्रातील ‘आकाश उजळ, भूमी गडद’ हा क्रम उलटा होतो.

पक्ष्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा परिणाम खालून येणाऱ्या परावर्तित प्रकाशाचा असतो. हिरवळीवरील पक्ष्याचे पोट सावलीत असते. हिमावरील पक्ष्याच्या पोटावर, हनुवटीखाली व शेपटीच्या तळाशी मात्र बर्फाचा उजेड पोहोचतो. पोटाचा फिकट रंग त्यामुळे अधिकच उजळतो व पाठ-पोटातील विरोध वाढतो. डोळ्यातही वरच्या बाजूस आकाशाचा प्रकाशबिंदू आणि खालच्या बाजूस हिमाची मंद चंद्रकोर दिसते. पक्षी ‘बर्फात आहे’ हे सांगणारी ही चिन्हे आहेत. त्यांचा सराव करण्यासाठी हिमप्रदेशात असण्याची गरज नाही. अंडे अथवा लहान मडके प्रथम काळ्या व नंतर पांढऱ्या कापडावर ठेवून, प्रकाश एकाच बाजूने पाडून दोन्ही वेळा रंगविल्यास खालच्या भागातील फरक स्पष्टपणे ध्यानात येतो. पांढऱ्या कापडाच्या चुण्या रंगविणे हा हिमाच्या उंचवट्यांचाही उत्तम पूर्वाभ्यास होय.

छटा व रंगयोजना : चित्राचा आरंभ काळ्या-पांढऱ्या छटांच्या लहान आराखड्याने करतात. हिमाला शुद्ध पांढरा रंग दिल्यास त्याहून उजळ असे काही दाखविण्यास जागाच उरत नाही. म्हणून हिमाचा बराचसा भाग फिकट निळसर, करडा वा मोतिया ठेवून शुभ्रता केवळ उन्हाने चमकणाऱ्या कडांसाठी व डोळ्यातील बिंदूसाठी राखतात. पांढरा पक्षी पांढऱ्या हिमावर असेल, तर दोहोंच्या पांढरेपणातील भेद शोधावा लागतो. हिमाच्या तुलनेत पिसे बहुधा किंचित पिवळसर दिसतात. त्यांच्या कडा कोठे सावलीमुळे उमटतात व कोठे हिमात विरून जातात, हे पाहून बाह्यरेषा जागोजागी सोडून द्यावी लागते.

लाल रंगाच्या पक्ष्यांच्या बाबतीत वेगळी अडचण येते. उजेडातील लाल उजळविण्यासाठी त्यात पांढरा मिसळला, तर तो गुलाबी होतो. सावलीसाठी काळा मिसळला, तर तो मृतवत दिसतो. म्हणून उजेडाकडे तो नारिंगीकडे व सावलीकडे किरमिजी-जांभळ्याकडे झुकवितात. अल्ट्रामरीन निळा व बर्न्ट सिएन्ना यांच्या मिश्रणातून उबदार व थंड अशा दोन्ही प्रकारचे करडे रंग मिळतात आणि हिम, झाडांची खोडे व पक्ष्याच्या छाया यांत तेच मिश्रण वापरल्याने चित्रात एकसूत्रीपणा येतो.

संयोजन : पक्षी लहान असला, तरी तीव्रतम छटाविरोध, सर्वांत तीक्ष्ण कड व सर्वांत शुद्ध रंग त्याच्याजवळ ठेवल्यास दृष्टी तेथेच स्थिरावते. दूरची झाडी फिकट, निळसर व मऊ कडांची करून वातावरणीय यथादर्शन साधतात. पक्ष्याच्या पाठीला वा चोचीला फांदी नेमकी टेकलेली दिसू नये. ती एकतर स्पष्टपणे मागून जावी वा दूर असावी. पक्षी ज्या दिशेला पाहत असतो, त्या बाजूस अधिक मोकळी जागा सोडतात. आकारमानाचे भान राखण्यासाठी आसपासच्या वस्तूंचे माप घेतात. सुमारे २२ सेंमी. लांबीच्या पक्ष्याशेजारी पाइनच्या सुया वा वाळलेली पाने अवास्तव मोठी झाली, तर पक्षी आपोआप खेळण्याएवढा होतो.

प्रत्यक्ष रंगकाम : उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील कार्डिनल हा पक्षी शिकणाऱ्यांना विशेष प्रिय आहे. तो स्थलांतर करीत नाही. त्यामुळे हिमवर्षावातही दिसतो. नराचे लाल शरीर, शेंडी व चोचीभोवतीचा काळा मुखवटा यांमुळे त्याची आकृती सोपी वाटते. जलरंगात त्याचे चित्र करताना सर्वप्रथम पेन्सिलीने बाह्याकृती व फांदीवर साठलेल्या हिमाच्या कडा हलकेच आखतात. पक्षी व हिम यांच्या उजळ जागा रबरी आवरणद्रवाने झाकतात किंवा कुंचल्याने वळसा घालून कोऱ्या ठेवतात. कागद ओला करून त्यावर दूरच्या झाडीचे करडे-निळे रंग पसरू देतात. वाळल्यावर मधल्या अंतरावरील खोडे काढतात. त्यानंतर हिमाच्या सावल्या एका दमात घालतात, कारण पुन्हापुन्हा घासल्यास त्यांची पारदर्शकता जाते.

पक्ष्याचे काम डोळ्यापासून सुरू करणारे चित्रकार पुष्कळ आहेत. डोळ्याची जागा चोचीच्या फटीच्या रेषेशी ताडून निश्चित करतात. डोळा जिवंत झाला, की उरलेल्या कामाला दिशा मिळते. मग धडाचा पहिला नारिंगी-लाल थर देऊन पाठीवर व पंखांखाली गडद थर चढवितात आणि पोटावरील थर हिमाच्या निळसर उजेडाने शीतल करतात. पिसे एकेक करून मोजीत रंगविणे हा नवशिक्याचा मोह असतो. प्रत्यक्षात वेगळी ओळखू येणारी पिसे पंख व शेपटी यांतच असतात. छाती व पोट यांवर पिसांचे गट आणि त्यांची दिशा सुचविणे पुरेसे होते. शेवटी पायांच्या पकडीखाली दबलेले हिम, पक्ष्याची हिमावर पडलेली सावली आणि त्या सावलीत मिसळलेला पिसांचा लालसर प्रतिबिंबित रंग दाखवितात. हा अखेरचा तपशील पक्ष्याला स्थळाशी बांधून टाकतो. पडते हिम दाखवावयाचे असल्यास जवळचे कण मोठे व विरळ, दूरचे लहान व दाट आणि सर्वांची दिशा वाऱ्यानुरूप एकच ठेवतात.

तैलरंगात क्रम उलटा असतो : गडदाकडून उजळाकडे. मंद तपकिरी वा करड्या अस्तरावर आधी गडद भाग बसवून हिमाचे जाड, उजळ थर अखेरीस देतात. ॲक्रिलिक रंग लवकर वाळत असल्याने त्यांत पातळ थरांवर थर देऊन पिसाऱ्याचा मऊपणा साधता येतो. कॅनडातील रॉबर्ट बेटमन (जन्म १९३०) याने ॲक्रिलिक माध्यमात उत्तरेकडील हिवाळी दृश्यांतील पक्षी व प्राणी रंगवून मोठी लोकप्रियता मिळविली.

छायाचित्रांचा उपयोग : छायाचित्रांमुळे क्षणिक अवस्था टिपता येतात, परंतु त्यांच्यावर विसंबण्यात धोके आहेत. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे दुरुस्ती न केल्यास हिम मळकट व पक्षी काळपट येतो. लांब पल्ल्याच्या भिंगामुळे अंतरे दाबली जातात आणि मागील झाडे पक्ष्याला येऊन चिकटतात. सावल्यांतील निळ्या छटांचे सूक्ष्म भेद पुष्कळदा नाहीसे होतात. पक्षी एका छायाचित्रावरून व हिम दुसऱ्यावरून घेतल्यास दोहोंतील प्रकाशाची दिशा जुळत नाही. म्हणून छायाचित्र हे स्मरणाचे साधन मानावे, आदर्श मानू नये, असे अनुभवी शिक्षक सांगतात. स्वीडनमधील लार्स जॉन्सन (जन्म १९५२) हा पक्षिचित्रकार दुर्बिणीतून पाहत उघड्यावर थेट जलरंगांत काम करण्याबद्दल ख्यातनाम आहे. त्याच्या चित्रांतील प्रकाशाची एकात्मता या पद्धतीचे फलित होय.

भारतीय संदर्भ : हिवाळी पक्ष्यांच्या यथातथ्य चित्रणाचे भारतातील श्रेष्ठ उदाहरण म्हणून जहांगीरच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याने काढलेल्या सायबेरियन क्रौंचाच्या चित्राचा निर्देश करता येईल. सु. १६२५ मधील हे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहे. या जातीचे पाश्चात्त्य शास्त्रीय वर्णन १७७३ मध्ये, म्हणजे त्यानंतर सुमारे दीड शतकाने झाले. हा पाहुणा हिवाळ्यात भरतपूरला येत असे. २००२ नंतर तो येईनासा झाला. त्यामुळे या चित्राला कलेबरोबरच दस्तऐवजाचेही मोल आले आहे. हिमालयात मोनाल, हिमकोंबडा, हिमकबूतर इ. पक्षी हिमदृश्यासह अभ्यासण्याची संधी मिळते. अन्नासाठी चोचीने बर्फ उकरणाऱ्या मोनाल नराचा धातूसारखा चमकणारा पिसारा हा रंगलेपनाचा कठीण, पण रम्य विषय आहे.

महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नाही. तरीही थंडीच्या दिवसांत जायकवाडी, उजनी व नांदूर मध्यमेश्वर येथील जलाशयांवर उत्तरेकडील बदके, हंस व क्रौंच उतरतात आणि पहाटेच्या धुक्यात छटांचा तोच प्रश्न उभा राहतो. पाण्याची उजळ पातळी, विरघळलेले क्षितिज आणि मधोमध गडद आकृती यांचे नाते हिमदृश्याच्या जवळचे आहे. मिठागरे व वाळूचे किनारे यांवरील पक्ष्यांच्या पोटावर पडणारा परावर्तित उजेडही अभ्यासण्याजोगा असतो. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षिनमुन्यांचा संग्रह शरीररचना व पिसारा यांच्या अभ्यासासाठी महत्त्वाचा मानला जातो.

नेहमी आढळणारे दोष : सर्वत्र सारख्या तपशिलाने रंगविलेला पक्षी व त्यामागे धूसर, अनिश्चित हिम, बाह्यरेषेने जखडलेली आकृती, सावली न टाकणारा पक्षी, बर्फाला दिलेला कोरा पांढरा व सावलीला दिलेला शुद्ध निळा, उन्हाळी शरीरयष्टी, आणि प्रकाशाच्या दोन वेगवेगळ्या दिशा हे दोष वारंवार आढळतात. या सर्वांचे मूळ, पक्षी व निसर्ग यांचा अभ्यास निरनिराळा करून ते अखेरीस एकत्र आणण्यात असते. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच उजेडात, लहान आकारात रंगविण्याचा नित्य सराव हाच त्यावरील उपाय होय.

सद्यःस्थिती व आचारसंकेत : ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये वन्यजीव चित्रकारांची संस्था स्थापन झाली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉसॉ येथील ली यॉकी वुडसन कलासंग्रहालयाने १९७६ पासून पक्षिकलेची वार्षिक प्रदर्शने सुरू केली. त्यामुळे या चित्रप्रकाराला ग्रंथचित्रणापलीकडे स्वतंत्र कलेचा दर्जा मिळण्यास मदत झाली. चित्रासाठी पक्षी मारण्याची जुनी पद्धत आता त्याज्य ठरली असून भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने वन्य पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. हिवाळ्यात निरीक्षकाचे उत्तरदायित्व विशेष वाढते. कडाक्याच्या थंडीत पक्ष्याला वारंवार उडवून लावल्यास रात्र काढण्यासाठी साठविलेली त्याची शक्ती खर्च होते आणि त्यात त्याचा जीवही जाऊ शकतो. पक्षी मान वर करून सावध झाला, की पुढे न जाता तेथेच थांबावे, असा संकेत म्हणूनच पाळला जातो. दुरून, स्थिर बसून केलेले निरीक्षण पक्ष्याच्या हिताचे असते; त्याचबरोबर निर्धास्त पक्ष्याची स्वाभाविक ठेवण पाहावयास मिळत असल्याने ते चित्राच्या सत्यतेसही पोषक ठरते.